साके किती अंशांवर प्यावी?

प्रश्न : मी काही वर्षांपासून तोक्योच्या निशिकासाई भागात राहतो आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. माझ्या विभागातील एक वरिष्ठ जपानी सहकारी नुकतेच निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला साकेच्या, म्हणजे तांदळापासून केलेल्या जपानी मद्याच्या, तीन बाटल्या भेट दिल्या : एक जुनमाई दायगिंजो, एक यामाहाई जुनमाई (जुनमाई म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली) आणि एक होंजोझो. त्यांच्याबरोबर इझाकायात (जपानी मद्यगृहात) गेलो की ते नेहमी 'नुरुकान' मागवत असत, म्हणून मीही घरी दायगिंजो तोक्कुरीत (साके वाढण्याच्या लहान सुरईत) ओतली आणि चांगली वाफ निघेपर्यंत मायक्रोवेव्हमध्ये तापवली. वास थेट नाकात चढला आणि चव कडवट लागली. एक मित्र म्हणतो की गरम करून पितात ती हलक्या प्रतीची साके, चांगली साके गारच प्यायची असते. जानेवारीत पुण्याहून माझा मोठा भाऊ आणि वहिनी येत आहेत आणि त्यांना साकेची नीट ओळख करून द्यावी अशी इच्छा आहे. कोणती बाटली किती तापमानाला द्यावी, घरी थर्मामीटर नसताना ती कशी तापवावी, आणि मित्राचे म्हणणे कितपत खरे आहे?
– एक वाचक, तोक्यो

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे उत्तरे क्रमाने न देता ओघाने येतील तशी देतो. आधी त्या दायगिंजोविषयी. तुमच्या वरिष्ठांची नुरुकान आणि तुम्ही मायक्रोवेव्हमधून बाहेर काढलेली साके यांत वीस-पंचवीस अंशांचे तरी अंतर असणार. नुरुकान म्हणजे ४० अंश सेल्सियसच्या आसपासची, हाताला कोमट लागणारी साके. भरपूर वाफ निघेपर्यंत तापवलेली साके सहज ६५ अंशांच्या पुढे गेलेली असते. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांवर उकळते, त्यामुळे त्या टप्प्याच्या जवळ गेलेला पेला नाकाशी नेला की साकेचा सुगंध राहतो बाजूला आणि अल्कोहोलचा झणका तेवढा बसतो. त्यातून तुम्ही निवडलेली बाटली नेमकी अशी, की जिचे सारे वैभव तिच्या नाजूक सुगंधात असते. तापवण्याचा विचार चुकीचा नव्हता. बाटली आणि अंश हे दोन्ही मात्र चुकले.

साकेच्या तापमानाचा जपानी लोकांनी जितका बारकाईने विचार केला आहे, तितका दुसऱ्या कोणत्या मद्याबाबत झालेला माझ्या तरी पाहण्यात नाही. साधारण पाच-पाच अंशांच्या टप्प्याला स्वतंत्र नाव आहे. ५ अंशांची युकिबिए, म्हणजे हिमासारखी गार. १० अंशांची हानाबिए, म्हणजे फुलांच्या मोसमातल्या गारव्याची. १५ अंशांची सुझुबिए. आणि त्यानंतर घरातल्या हवेइतक्या तापमानाची, साधारण २० अंशांची साके. तेथून वर चढू लागले की ३० अंशांची हिनाताकान, जणू उन्हात ठेवलेली. ३५ ची हितोहादाकान, अंगाच्या उबेइतकी. ४० ची नुरुकान, ४५ ची जोकान, ५० ची आत्सुकान आणि ५५ च्या पुढची तोबिकिरीकान. ही नावे पाठ करण्याची काहीच गरज नाही. मात्र 'गरम' आणि 'गार' अशा दोनच कप्प्यांत साके मावत नाही, एवढे त्यांवरून ध्यानात घ्यावे. चवीचे सर्वांत रंजक पालट, माझ्या मते, ३५ ते ५० या पंधरा अंशांच्या पट्ट्यातच घडतात. म्हणून तुम्हाला माझा मुख्य सल्ला असा आहे की अमक्या बाटलीचे एकमेव योग्य तापमान कोणते याचा शोध घेत बसू नका; त्यापेक्षा एकच साके चार वेगवेगळ्या तापमानांना चाखून पाहा आणि पाहुण्यांनाही तशीच चाखायला द्या. तीन बाटल्या एकेकदा चाखण्यापेक्षा एक बाटली चार प्रकारे चाखल्याने साके अधिक कळते.

हे पालट का घडतात ते थोडक्यात समजून घेतले तर पुढची निवड सोपी होते. जिभेवरील चव ओळखणाऱ्या पेशींत टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते. गोड, कडू आणि उमामी (मांस-माशांच्या रश्शात असते तशी भरदार चव) या तिन्ही चवींचा संदेश पोहोचवण्यात तिचा वाटा असतो आणि तापमान १५ अंशांकडून ३५ अंशांकडे जाऊ लागले की ती अधिक जोमाने काम करते. घट्ट गोठलेल्या कुल्फीपेक्षा वितळलेली कुल्फी जास्त गोड लागते ती याच कारणाने. साकेत कोजी बुरशीने तांदळातील स्टार्चपासून तयार केलेले ग्लुकोज असते, शिवाय द्राक्षांच्या वाइनपेक्षा अमिनो आम्लांचे प्रमाण बरेच जास्त असते. त्यामुळे ती कोमट होताच तिचा गोडवा आणि तोंडभर पसरणारी उमामी चव या दोन्ही गोष्टी वर येतात. आम्लांची तऱ्हा निराळी आहे. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल आणि शिंपल्यांच्या चवीत असणारे सक्सिनिक आम्ल ही दोन्ही उबेने मऊ आणि भरीव लागू लागतात. उलट सफरचंदातील मॅलिक आम्ल गार असताना तरतरीत वाटते आणि तापवल्यावर त्याचा तोल ढळतो. सुगंधाचे म्हणाल, तर गिंजो (दायगिंजोपेक्षा थोड्या कमी घासलेल्या तांदळाची सुगंधी साके) आणि दायगिंजोमध्ये जो सफरचंदाचा किंवा पिकलेल्या केळ्याचा वास येतो तो अनुक्रमे इथाइल कॅप्रोएट आणि आयसोअमाइल अॅसिटेट या द्रव्यांचा, आणि ही दोन्ही द्रव्ये फार लवकर उडून जाणारी आहेत. १०-१५ अंशांवर ती पेल्यातून हळूहळू वर येतात, तर साके कढत झाली की एकदम सुटून जातात आणि मागे अल्कोहोल व कडवटपणा तेवढा उघडा पडतो. तुमच्या पेल्यात नेमके हेच झाले.

आता मित्राचे म्हणणे. ते अगदीच निराधार नाही, पण त्यामागे विसाव्या शतकातील काही दशकांचा अनुभव आहे, साकेचा सगळा इतिहास नाही. साके तापवून पिणे ही जपानमधील जुनी आणि प्रतिष्ठित रीत आहे. जुन्या दरबारी रिवाजात नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी येणाऱ्या शेवंतीच्या सणापासून तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंत साके ऊन करून पीत असत, आणि एदो काळात (१६०३ ते १८६८) ती बाराही महिने तापवून पिण्याची सवय रुळली. फुकुओकाचे विद्वान कैबारा एक्केन यांनी १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आरोग्यविषयक ग्रंथात तर स्पष्ट सांगून ठेवले आहे की उन्हाळा असो वा हिवाळा, साके गारही पिऊ नये आणि कढतही पिऊ नये, कोमट प्यावी. तीन शतके उलटली तरी नुरुकानची याहून चांगली शिफारस मला माहीत नाही.

गडबड झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तांदळाची टंचाई इतकी होती की थोड्या साकेत अल्कोहोल, साखर आणि आम्ले घालून ती जवळपास तिप्पट वाढवली जात असे. अशी साके दुकानांतून आणि स्वस्त खानावळींतून कढत करून दिली जाई, कारण उष्णतेखाली तिचे दोष झाकले जात. त्यानंतर १९८० च्या दशकात गिंजो साकेची लाट आली. घरोघरी फ्रिज आलेले होते, सुगंधी साके गार करून काचेच्या पेल्यात देण्याची पद्धत रूढ झाली आणि गार म्हणजे उंची, गरम म्हणजे हलकी, अशी सरळसोट समजूत लोकांच्या मनात बसली. ती तिप्पट वाढवलेली साके २००६ च्या कायदाबदलानंतर 'सेइशू' या अधिकृत नावाने विकताच येत नाही, पण समजूत मागे राहिली. आज तोक्योत अशी कितीतरी छोटी दुकाने आहेत जिथे साके तापवण्यासाठी खास माणूस असतो. त्याला ओकानबान म्हणतात आणि कोणती बाटली किती अंशांपर्यंत न्यायची, हे गिऱ्हाइकाने मागवलेला पदार्थ पाहून तो ठरवतो. तुमचे वरिष्ठ नुरुकान मागवत ते काटकसर म्हणून नव्हे, हे मित्राला खुशाल सांगा.

तुमच्या तीन बाटल्यांकडे वळतो. दायगिंजोसाठी तांदूळ इतका घासतात की दाण्याचा ५० टक्के किंवा त्याहून कमी भागच उरतो. बाहेरील थरांतील प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ निघून जातात आणि त्यामुळे साके हलकी, स्वच्छ आणि फळांसारख्या सुगंधाची होते. उरलेली दायगिंजो फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर लगेच न पिता दहा-पंधरा मिनिटे थांबा. ५ अंशांवर तिचा सुगंधही गारठलेला असतो. १० ते १५ अंशांवर तो मोकळा होतो. पातळ काचेचा, तोंडाशी किंचित निमुळता वाइनचा पेला तिला ओचोकोपेक्षा (साकेच्या इवल्याशा पेल्यापेक्षा) अधिक मानवतो. काही दायगिंजो ४० अंशांपर्यंत सुरेख लागतात हेही खरे आहे, परंतु तुमच्या बाटलीने एकदा मार खाल्ला आहे, तेव्हा पाहुण्यांसमोर तो प्रयोग नको.

होंजोझो या नावावरून किंवा तिच्या किमतीवरून नाक मुरडू नका. तिच्यात गाळण्याच्या आधी थोडे अल्कोहोल घालतात खरे, पण त्याचे प्रमाण तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावे लागते, तांदूळही ७० टक्के किंवा त्याहून कमी उरेपर्यंत घासलेला असावा लागतो, आणि या पद्धतीचा हेतू साके वाढवणे हा नसून ती हलकी व सडसडीत करणे हा असतो. अशी साके ४५ ते ५० अंशांवर नीटस लागते. तिला फारसा सुगंध नसल्यामुळे गमावण्याजोगे काही नसते, आणि उबेने तिला जो गोलावा येतो तो गार असताना दिसत नाही. थंडीच्या रात्री जेवणाबरोबर घेण्यासाठी तुमच्या तिन्ही बाटल्यांत हीच सर्वांत सोयीची आहे.

खरा ऐवज आहे तो यामाहाईत, आणि तुमच्या वरिष्ठांनी ती बाटली काही विचार करूनच निवडली असावी असे मला वाटते. साकेचे विरजण तयार करताना नको असलेले जंतू मरावेत म्हणून त्यात लॅक्टिक आम्ल लागते. आजच्या बहुतेक साकेत ते बाहेरून घातले जाते आणि त्यामुळे विरजण साधारण दोन आठवड्यांत तयार होते. जुन्या किमोतो पद्धतीत मात्र निसर्गातील लॅक्टिक जंतूंना स्वतःहून वाढू दिले जाई, आणि त्यासाठी कामगार कडाक्याच्या थंडीत लांब दांड्यांनी तांदूळ आणि कोजीचे मिश्रण तासन्‌तास घोटत असत. १९०९ साली सरकारी मद्य संशोधन संस्थेत असे दिसून आले की हे घोटण्याचे कष्ट टाळूनही तेच साधता येते. त्या पद्धतीची साके म्हणजे यामाहाई. हिच्या विरजणाला चार आठवडे तरी लागतात आणि त्या अवधीत आम्ले आणि अमिनो आम्ले भरपूर तयार होतात. गार असताना यामाहाई काहीशी आंबटसर, रानटी, कधी कधी तर चक्क अबोल वाटते. ४० अंशांपाशी ती बोलू लागते. आंबटपणा विरघळून गेल्यासारखा होतो, तांदळाचा गोडवा पुढे येतो आणि घोट गिळून झाल्यावरही बराच वेळ एक भरदार चव जिभेवर रेंगाळत राहते. ५० अंशांवर तीच साके पुन्हा ताठ आणि कोरडी होते. भाऊ आणि वहिनींसाठी चार तापमानांचा जो प्रयोग करायचा, तो याच बाटलीवर करा.

निवड पक्की करण्यापूर्वी बाटल्यांची मागची लेबले एकदा वाचा. पुष्कळ कारखाने तिथे गार, सामान्य, कोमट आणि गरम अशा चार घरांपुढे गोल खुणा करून आपली पसंती कळवतात. दुहेरी गोल म्हणजे उत्तम, एकेरी म्हणजे चांगली. त्याच लेबलावर 'नामा' हे अक्षर दिसले तर ती साके उष्णता देऊन निर्जंतुक केलेली नाही असे समजावे, तिला कायम फ्रिजमध्येच ठेवावे आणि गारच प्यावे. फेसाळ साकेही तापवू नये. बाकी कारखान्याच्या शिफारशीला तुम्ही बांधील नाही.

तापवण्याची कृती सोपी आहे, पण ती घाईत करू नये. भांड्यात पाणी घेऊन रिकामी तोक्कुरी त्यात उभी करून पाहावी. पाणी तिच्या खांद्यापर्यंत आले पाहिजे. मग तोक्कुरी बाहेर काढून पाणी उकळावे, गॅस बंद करावा, आणि साके भरलेली तोक्कुरी त्या पाण्यात ठेवावी. गॅस चालू ठेवून पाण्याबरोबर साकेही तापत ठेवली तर ती फार वेळ उष्णतेत राहते आणि सपक होते. तोक्कुरी गळ्याच्या खालीच, नऊ दशांश इतकीच भरावी, कारण तापल्यावर साके फुगते. साधारण दीड ते दोन मिनिटांत ती गळ्यात वर सरकलेली दिसते आणि तळातून बारीक बुडबुडे निघू लागतात. त्या वेळी तोक्कुरी उचलून मधल्या बोटाचे टोक तिच्या तळाच्या खोलगट भागाला लावून पाहावे. ओकानबान लोकही हेच करतात. बाजू पाण्यामुळे आधी तापतात, म्हणून त्यांना हात लावून अंदाज चुकतो. तळ आतल्या साकेबद्दल अधिक खरे सांगतो. तळ नुसता उबदार लागला तर नुरुकान झाली. बोट ठेवता येते पण ठेवावेसे वाटत नाही असे झाले की जोकान. बोट चटकन मागे घ्यावे लागले तर आत्सुकान. ओतताना ओचोकोवर जेमतेम वाफ दिसू लागते ती ४५ अंशांच्या आसपास. हे अंदाज तुमच्या तोक्कुरीच्या जाडीप्रमाणे थोडे मागेपुढे होतील, तेव्हा पाहुणे येण्याआधी होंजोझोवर दोनदा हात बसवून घ्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर फार महाग मिळत नाही, तो एकदा घेऊन बोटाशी ताडून पाहिलात तर पुढे त्याची गरज उरणार नाही.

चिनीमातीच्या तोक्कुरीऐवजी धातूचे भांडे वापरले तर उष्णता फार लवकर पोहोचते. जपानमध्ये त्यासाठी चिरोरी नावाचे कथिलाचे, तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे, मुठीचे आणि चोचीचे भांडे मिळते. पुण्याहून आणलेला स्टीलचा उभट पेला घरात असेलच. तो चिरोरीचे काम चोख करतो, फक्त वेळ निम्म्याहून कमी धरावा आणि काढताना फडके वापरावे. मायक्रोवेव्ह अगदी वर्ज्य आहे असे मी म्हणणार नाही. त्यात तोक्कुरीचा गळा आधी तापतो आणि तळ गार राहतो, हा त्याचा मुख्य दोष. ६०० वॉटवर १८० मिलिलिटर साके वीस सेकंद तापवून, बाहेर काढून, तोक्कुरी हलकेच फिरवून, पुन्हा पंधरा-वीस सेकंद ठेवली तर कामापुरती नुरुकान मिळते. ओचोको मात्र कोणत्याही पद्धतीत आधी गरम पाण्याने विसळून घ्यावेत; गार ओचोकोत पडलेली ४५ अंशांची साके ओठांपर्यंत येईतो ४० च्या खाली उतरते. ओचोको आणि तोक्कुरी लहान असण्याचे एक कारण हेच आहे की साके निवायच्या आत संपावी.

प्रयोगाच्या संध्याकाळी यामाहाईच्या बाटलीतून थोडी साके फ्रिजमध्ये ठेवा आणि उरलेली बाहेर. प्रत्येकाला एका वेळी ३० मिलिलिटर पुरे. तिघांना चार-चार वेळा देऊन ३६० मिलिलिटर, म्हणजे ७२० च्या बाटलीची अर्धी साके लागते. सुरुवात १० अंशांपासून करा, मग घरातल्या तापमानाची द्या, नंतर ४० ची आणि शेवटी ५० ची. उलट क्रमाने गेलात तर गरम साकेने भरून गेलेल्या तोंडाला गार साके पाण्यासारखी लागेल. तोक्योतील जानेवारीत हीटर बंद असलेली खोली १० अंशांच्या आसपास असू शकते, तेव्हा 'घरातले तापमान' याचा अर्थ हीटर चालू असलेल्या खोलीचे, असा घ्यावा. प्रत्येक पेल्याच्या मधे साधे पाणी प्यावे. जपानी लोक साकेच्या जोडीला यावारागीमिझू म्हणून पाणी ठेवतातच. ५० अंशांची साके ओतलीत की त्यातील थोडी पेल्यात तशीच राहू द्या आणि ती निवून ४० वर आली की पुन्हा चाखा. सरळ ४० पर्यंत नेलेली साके आणि ५० वरून ४० वर उतरलेली साके एकसारखी लागत नाही. उतरलेली मला अधिक निवळ वाटते. कानझामाशी म्हणून ती मुद्दाम पिणारे लोकही आहेत. दायगिंजो द्यायची असेल तर ती या सगळ्याच्या आधी, एकेक पेलाच द्यावी. वहिनी मद्य घेत नसतील तर त्यांच्यासाठी कोजीपासून केलेले आमाझाके हे गोड पेय ऊन करून ठेवा. त्यात अल्कोहोल नसते आणि कोजीचा गोडवा काय असतो तो त्यातही कळतो; फक्त साकेच्या चोथ्यापासून केलेल्या प्रकारात थोडे अल्कोहोल असते, तेव्हा पाकीट पाहून घ्यावे.

सोबत काय खायला द्यावे हे तुम्ही विचारलेले नाही, पण तापमानाशी त्याचा थेट संबंध असल्यामुळे सांगतो. मिरचीचा तिखटपणा जिभेला जाळतो तो उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांमार्फत, आणि अल्कोहोल त्याच संवेदकांना अधिक हळवे करते. त्यामुळे ठेचा, झणझणीत रस्सा किंवा तर्रीबरोबर ५० अंशांची साके दिलीत तर चव राहील बाजूला, नुसती आगच होईल. असे काही करायचेच असेल तर दायगिंजोही नको, होंजोझो गार करून द्या. नुरुकान यामाहाईला स्निग्ध आणि खारट पदार्थ मानवतात. मीठ लावून भाजलेला साबा मासा हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला, आणि तो दोघांनाही ओळखीचा वाटेल. शाकाहारी ताटासाठी आगेदाशी तोफू (तळून रश्शात वाढलेला तोफू; रस्सा माशाचा नसल्याची खात्री करून), किंवा ओल्या नारळाची आणि फारशी तिखट नसलेली अळूवडी द्यायला हरकत नाही. सुशी-साशिमीबरोबर गार साकेच हवी असा नियम नाही, पण कच्च्या माशाबरोबर आत्सुकान मला तरी रुचत नाही.

त्यांना इझाकायात नेलेत तर नुसते 'आत्सुकान' मागू नका. पुष्कळ ठिकाणी तो शब्द सरसकट गरम साकेसाठी वापरतात आणि यंत्रातून ठरावीक तापमानाची साके येते. 'नुरुकान' म्हटले की कामगाराला थोडे लक्ष द्यावे लागते. घरच्या तापमानाची हवी असल्यास 'जोओन' म्हणावे. जुन्या वळणाने 'हिया' मागितलीत तर आजकाल फ्रिजमधली समोर येण्याचा संभव असतो. आणि कोणत्याही तापमानाची असली तरी साकेत अल्कोहोल १५-१६ टक्के असते, हे भावाला आधीच सांगून ठेवा, कारण गार साके सहज उतरते आणि तिचा परिणाम उशिरा जाणवतो. आईवडिलांचा सल्ला आणि गार साके या दोन गोष्टी मागाहून लागू पडतात, अशी एक जपानी म्हणच आहे. निशिकासाईत सगळे सायकलवरून फिरतात म्हणून आणखी एक सूचना : नोव्हेंबर २०२४ पासून मद्य घेऊन सायकल चालवणाऱ्यावर कडक कारवाई होते आणि त्याला मद्य देणाराही त्यातून सुटत नाही, तेव्हा त्या दिवशी सायकली घरी ठेवा.

उरलेल्या बाटल्यांचे असे करा. सूर्यप्रकाशाने साकेला एक विचित्र वास येतो, म्हणून त्या वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. उघडलेली दायगिंजो फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावी. होंजोझो दोन-तीन आठवडे चांगली राहते. मागे राहिलेली स्वयंपाकात, विशेषतः मासे शिजवताना, कामी येते, आणि त्या दिवशीची तुमची कढवलेली दायगिंजो अजून असेल तर तिचाही उपयोग तोच. यामाहाई मात्र पाहुणे गेल्यावर घाईने संपवू नका. उघडल्यानंतर हवेचा स्पर्श झाला की काही दिवसांत तिची आंबट धार बोथट होते आणि तिला अधिक उष्णता सोसू लागते, तेव्हा आठ-दहा दिवसांनी एक तोक्कुरी ४५ अंशांपर्यंत नेऊन पाहावी आणि पहिल्या दिवशीच्या ४० अंशांच्या पेल्याशी ताडून बघावी.